गुलमोहर निर्दोष, गाजर गवत गुन्हेगार

गुलमोहर फुलला की, 'डॉक्टर, दारातले झाड तोडून टाकू का?' असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. शिंका, नाक गळणे, अंगाची खाज या साऱ्याचे खापर त्या लाल फुलांवर फुटते. खरा गुन्हेगार बहुधा त्याच रस्त्यावर, गटाराच्या ओलीवर, उन्हाळ्यातही फुललेला असतो. तो म्हणजे गाजर गवत, ऊर्फ काँग्रेस गवत.

दोन्ही वनस्पती परक्या मुलखातल्या. गुलमोहर मादागास्करचा, गाजर गवत अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात लोकांच्या नजरेत आले. गुलमोहर फुलायला काही वर्षे लागतात. गाजर गवत उगवल्यापासून महिन्याभरात फुलते आणि एकेक रोप हजारो बिया टाकते. गुलमोहराचे फूल मोठे, पण त्याचे पराग जड व चिकट असतात. ते फुलपाखरे आणि पक्षी वाहून नेतात. गाजर गवताची फुले बारीक व पांढरी, पण पराग हलके. ते वाऱ्याबरोबर नाकात जातात आणि सर्दी, शिंका, काहींना दमाही होतो.

त्वचाविकाराचे कारण वेगळे. या गवताच्या पानाखोडावरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या गवताची धूळही त्रासाला पुरते. पापण्या, मान, कोपराची आतली बाजू लाल होऊन खाजते. पुढे तेथील कातडी जाड व काळपट होते. उघड्यावर राबणाऱ्या पुरुषांत हे अधिक दिसते. दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळते आणि शेतात पाऊल टाकणेही नकोसे होते.

यावर उपाय काय? पावसाळ्यात जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वीच हे गवत मुळासकट उपटावे. हातात मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडावर रुमाल हवा. काम झाल्यावर साबणाने अंग धुवावे, कपडे बदलावेत. उपटलेले गवत न जाळता खड्ड्यात पुरावे. ज्याला आधीच त्रास आहे त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. औषधाच्या दुकानातून आणलेली स्टेरॉइडची मलमे मनाने महिनोन्‌महिने चोळू नयेत. त्याने कातडी पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून नेमके कारण सांगू शकतात.

राहता राहिला गुलमोहर. तो तोडला तर सावली जाईल, आणि मोकळ्या झालेल्या जागेत गाजर गवतच माजेल!