किनारपट्टीचा शोधक: शिवराम कारंत

कोट शिवराम कारंत यांचा जन्म १० ऑक्टोबर १९०२ रोजी दक्षिण कानडा जिल्ह्यातील कोट या गावी झाला. आज हे गाव उडुपी जिल्ह्यात येते. समुद्र, खाड्या, भातखाचरे आणि पाठीशी सह्याद्री, एवढ्याच पट्ट्यात त्यांच्या बहुतेक गाजलेल्या कादंबऱ्या घडतात. चाळीसहून अधिक कादंबऱ्या, नाटके, प्रवासवर्णने, विज्ञानग्रंथ आणि कोश असा त्यांचा पसारा आहे. जे लिहायचे ते आधी स्वतः जाऊन पाहायचे, ही खोड या सगळ्या लेखनामागे दिसते.

असहकार चळवळीच्या काळात त्यांनी मंगळूरचे कॉलेज सोडले आणि खादीचा व ग्रामसुधारणेचा प्रचार करत ते गावोगाव हिंडले. राजकारणातून त्यांचे मन लवकर उडाले, पण पायपीट वाया गेली नाही. कुळे, मजूर, विधवा, देवळांचे मानकरी, सावकार यांचे जगणे त्यांना जवळून दिसले. पुढे पुत्तूर येथे ते स्थायिक झाले. तिथल्या ‘बालवन’मध्ये मुलांसाठी शाळा, नाटक, नृत्य असे प्रयोग चालले. त्यांनी मूकपटही काढून पाहिले. १९३६ मध्ये लीला आळ्व यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला.

‘चोमन दुडि’ (१९३३) ही त्यांची पहिली महत्त्वाची कादंबरी. चोम हा दलित वेठमजूर. त्याच्याकडे बैलांची जोडी आहे, हातात कसब आहे. पण त्याच्या जातीने जमीन कसायची नाही, असा रिवाज आहे. मळेवाल्याचे कर्ज फेडण्यासाठी मुले कॉफीच्या मळ्यावर जातात. तिथे मुलगी बेळ्ळी हिचे शोषण होते, एक मुलगा धर्मांतर करतो आणि दुसरा सवर्णांच्या डोळ्यांदेखत नदीत बुडतो. शिवायचे नाही म्हणून त्याला कोणी हात देत नाही. चोमाला आपले दुःख बोलून दाखवता येत नाही, म्हणून तो दुडी नावाचे लहान ढोलके बडवत राहतो. या कथेत दयेची हाक नाही. कर्ज, जमीन आणि जात एकमेकांत कशी अडकली आहेत, हे लेखक थंडपणे उलगडतो आणि त्यामुळेच ती अधिक झोंबते. दिग्दर्शक ब. व. कारंत यांनी १९७५ मध्ये तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले.

‘मरळि मण्णिगे’ म्हणजे ‘पुन्हा मातीकडे’. कोटच्या परिसरातील एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ही कथा. आजोबा राम ऐताळ भिक्षुकी आणि शेती सांभाळतात. मुलगा लच्च इंग्रजी शिकतो आणि घर धुळीला मिळवतो. नातू राम शिकूनही शहरात टिकत नाही, तो गावी परततो. पण कादंबरी खऱ्या अर्थाने उभी राहते ती पार्वती, सरसोती आणि नागवेणी या बायकांवर. चिखल तुडवणे, समुद्रावरून वाहून आलेली लाकडे गोळा करणे, मीठमिरचीत दिवस काढणे ही कामे कारंतांनी इतक्या बारकाईने टिपली आहेत की समाजशास्त्रज्ञालाही तिथे सामग्री मिळावी. कानडी गद्यात घरकामाला एवढी प्रतिष्ठा यापूर्वी क्वचितच मिळाली असेल.

‘बेट्टद जीव’ (१९४३) समुद्राकडे पाठ फिरवून सुब्रह्मण्याजवळच्या रानात शिरते. तिथे गोपालय्य आणि शंकरी हे म्हातारे जोडपे सुपारीच्या बागा उभ्या करते. मुलगा घर सोडून गेला आहे. ‘अळिद मेले’मध्ये कथेची घडणच शोधाची आहे: मुंबईत वारलेल्या यशवंतराय या ओळखीच्या माणसाची डायरी निवेदकाच्या हाती येते आणि मृताच्या नात्यागोत्यांचा माग काढत तो दूर त्याच्या मुलखापर्यंत पोचतो.

‘मूकज्जिय कनसुगळु’ (१९६८) या कादंबरीसाठी कारंतांना १९७७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. बालविधवा मूकज्जीला वस्तू हातात घेताच तिचा भूतकाळ दिसतो. नातू सुब्बराय तिला प्रश्न विचारतो आणि आजी देव, धर्म, कामवासना यांवर बेधडक बोलते. चर्चेचा भार कथेला कधी कधी पेलत नाही. तरी म्हातारीचा तोंडाळपणा तिला पडू देत नाही. एकूण पाहता कारंत वेगाने लिहीत आणि त्याच्या खुणा दिसतात. त्यांच्या साऱ्या कादंबऱ्या सारख्या उतरल्या आहेत, असे म्हणता येत नाही.

कादंबरीबाहेरचे कामही याच चौकस वृत्तीचे आहे. मुलांसाठी ‘बालप्रपंच’ आणि मोठ्यांसाठी ‘विज्ञानप्रपंच’ हे कोश त्यांनी एकट्याने लिहिले. यक्षगान या किनारपट्टीच्या लोकनाट्यावरील ‘यक्षगान बयलाट’ या ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यक्षगानात त्यांनी संवाद गाळून नृत्यनाट्य बसवले, व्हायोलिन आणि सॅक्सोफोन आणले; परंपरावाद्यांना ते रुचले नाही.

आणीबाणीत त्यांनी पद्मभूषण परत केले. कारवारजवळच्या कैगा अणुवीज प्रकल्पाविरुद्ध ते वार्धक्यातही लढले आणि १९८९ मध्ये लोकसभेलाही उभे राहून हरले. मराठी वाचकांना कारंत मुख्यतः उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांतून भेटले. ‘डोंगराएवढा’ हा ‘बेट्टद जीव’चा मराठी अवतार. वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते पक्ष्यांवर पुस्तक लिहीत होते. ९ डिसेंबर १९९७ रोजी त्यांचे निधन झाले आणि ते पुस्तक २००२ मध्ये धारवाडहून प्रसिद्ध झाले.