ताप मोजता, तसा श्वासही मोजा

माझं माहेर लासलगावचं. वडील बाजार समितीत हमाली करायचे, भाऊ आजही कांद्याच्या खळ्यावर असतो. मी नाशिकच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. निफाड, चांदवड, येवल्याकडचा पेशंट आला की नातेवाइकांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, "सिस्टर, साधा थंडीताप होता, अंगावर काढला." लिलाव चालू असताना घरी पडून राहणं परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. बहुतेकांचा फ्लू आठवड्याभरात बराही होतो. पण काही जणांचा तो छातीत उतरतो. ही माणसं कोण, हे बऱ्याचदा आधीच ओळखता येतं.

आपण ज्याला स्वाइन फ्लू म्हणतो, तो एच१एन१ विषाणू २००९ मध्ये जगभर पसरला. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला तो या साथीचा पहिला बळी. साथ ओसरली तरी विषाणू गेला नाही, नेहमीच्या फ्लूंमध्येच मिसळला. २०१५ मध्ये देशभरात ४२ हजारांवर रुग्णांची नोंद झाली आणि २,९०० हून अधिक माणसं गेली. त्यात महाराष्ट्रातले सुमारे ९०० होते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि थंडी सरताना पुन्हा डोकं वर काढतो.

छातीत उतरतो म्हणजे काय होतं? फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. कांदाचाळीत वारा खेळता हवा, तशी या पिशव्यांत हवा खेळती लागते. विषाणूने तिथे सूज आली की त्या पाण्याने भरतात आणि ऑक्सिजन रक्तात पोहोचत नाही. मग मास्क, त्यानंतर जोराच्या प्रवाहाचा ऑक्सिजन, तेवढ्याने भागलं नाही तर व्हेंटिलेटर. त्यावरही भागेना, तर आम्ही पाच-सहा जण मिळून, एकही नळी न हलवता, पेशंटला पालथं घालतो आणि पंधरा-सोळा तास तसंच ठेवतो. पाठीकडचं फुप्फुस त्यामुळे उघडतं. काही जणांचा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढतो. तेव्हा बहुधा विषाणूच्या मागून जिवाणूंचा न्यूमोनिया आलेला असतो.

धोका कुणाला जास्त? पासष्टीपुढची माणसं आणि पाच वर्षांखालची, विशेषतः दोन वर्षांखालची मुलं. दमा, हृदयविकार, किडनीचा आजार असलेले. मधुमेही, कारण वाढलेल्या साखरेत शरीराची लढायची ताकद घटते. कॅन्सरची औषधं किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे. गरोदर बाई आणि नुकतीच बाळंत झालेली ओली बाळंतीण. पोटातल्या बाळामुळे छातीचा पडदा वर सरकतो, श्वासाला जागा कमी उरते. अतिस्थूलपणाचा धोका डॉक्टरांच्या ठळकपणे लक्षात आला तो २००९ च्या साथीतच. त्याच साथीत तरुण आणि मध्यमवयीन माणसं मोठ्या संख्येने अत्यवस्थ झाली, म्हणून "मी धडधाकट आहे" यावर विसंबू नका.

घरात यातलं कुणी तापलं, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठा. ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत गुणकारी ठरतं. गंभीर रुग्णाला ते उशिरानेही देतात, पण तोवर फुप्फुसाचं नुकसान झालेलं असतं. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. करोनात स्टेरॉइड दिलं होतं म्हणून तीच गोळी दुकानातून आणून देऊ नका. फ्लूच्या न्यूमोनियात तिने अपाय होऊ शकतो. मुलांना तापात ॲस्पिरिन तर अजिबात नको.

आणि श्वास मोजा. मोठं माणूस निवांत बसलेलं असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतं. आकडा २४ च्या पुढे गेला, बोलताना धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, ओठ-नखं निळसर झाली, माणूस गुंगीत बोलू लागलं किंवा बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी आकडा आला, तर थांबू नका. तडक ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथून पुढे नाशिकला पाठवलं, तर लासलगावहून अंतर साठेक किलोमीटर आहे. निघायचं ते ऑक्सिजनची सोय असलेल्या गाडीतूनच.

फ्लूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण अतिदक्षता विभागापर्यंत जायची वेळ कमी येते. राज्य सरकारने गरोदर महिला, मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ती मोफत दिलेली आहे. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला की पाऊस पडायच्या आत घरातल्या म्हाताऱ्यांना, साखरेच्या पेशंटला आणि पोटुशी सुनेला घेऊन जा. त्याच फेरीत स्वतःही डॉक्टरांना विचारून लस टोचून घ्या.