आपल्या वस्तीचे मैदान

गाव म्हटले की देऊळ आले, पाणवठा आला, शाळा आली. तशीच पोरांना खेळायला एक मोकळी जागाही आली. कुठे तिला मैदान म्हणतात, कुठे पटांगण. शहरात अशा जागी पालिका झोपाळे आणि घसरगुंडी बसवते. पहिली एक-दोन वर्षे सारे छान असते. मग एक दिवस झोपाळ्याची साखळी तुटते. ती कुणी जोडत नाही. घसरगुंडीचा पत्रा फाटतो. कुंपणाची तार नाहीशी होते. कुणी तिथे विटा-वाळू आणून टाकतो, कुणी टेंपो उभा करतो. कोपऱ्यात कचरा पडू लागतो. संध्याकाळी पत्त्यांचा डाव बसतो आणि सकाळी बाटल्या सापडतात.

मग पोरे कुठे जातात? मोठी मुले सायकल काढून लांब कुठेतरी खेळायला जातात. लहान मुले रस्त्यावर खेळतात आणि आयांचा जीव टांगणीला लागतो. मुलींचे काय? त्यांना घरचे सांगतात, “तिकडे फिरकायचं नाही.” बस्स, त्यांचा खेळ तिथेच संपतो. मैदान बिघडले की पहिल्यांदा घरी बसतात त्या मुली.

कुणी म्हणेल, एक झोपाळा तुटला, त्यात एवढे काय बिघडले? आम्ही सांगतो काय बिघडते ते. झोपाळा तुटला म्हणून मैदान मरत नाही. पोरे यायची थांबली म्हणजे मैदान मरते. जी जागा कुणी वापरत नाही, तिच्यावर दहा जणांचा डोळा असतो. म्हणून मोडले की लगेच दुरुस्त करून घ्यावे. ते कसे, हे आता पाहू.

खेळ ही चैन नव्हे

पोर खेळले नाही तर त्याचे अंग भरत नाही. खेळातच ते धावायला, पडायला आणि पडून उठायला शिकते. आपली पाळी येईपर्यंत थांबायलाही तिथेच शिकते. साऱ्या जगाने ही गोष्ट मान्य केली आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मुलांच्या हक्कांचा करार केला. त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क लिहिला आहे. आपल्या देशाने १९९२ साली हा करार मान्य केला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सार्वजनिक जागा सर्वांसाठी असते. धर्म, जात, वंश, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथे कुणालाही मज्जाव करता येत नाही. हे आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात सांगितले आहे. म्हणून ‘ही आमच्या आळीची जागा, त्या वस्तीतल्या पोरांनी इथे यायचं नाही,’ असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आधी जागा कुणाची ते पाहा

अर्ज करायचा तर तो कुणाकडे? ज्याच्या ताब्यात जागा आहे, त्याच्याकडे. नाहीतर या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे पडतात. जागेची माहिती सरकारी कागदांवर मिळते. शेतजमिनीचा सातबारा आपल्याला ठाऊक आहे. शहरात सिटी सर्व्हेच्या कचेरीत मिळकत पत्रिका मिळते. कोणती जागा मैदानासाठी राखून ठेवली आहे, हे शहराच्या विकास योजनेच्या नकाशात दाखवलेले असते.

नव्या वसाहतीत एक वेगळा प्रकार असतो. महाराष्ट्रात २०२० साली लागू झालेल्या बांधकाम नियमावलीप्रमाणे, ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ही जागा कधी पालिकेकडे दिलेली असते, कधी सोसायटीकडे राहते. सोसायटीकडे असेल तर दुरुस्तीचे आधी सोसायटीलाच विचारावे.

जागेचा सर्व्हे नंबर मिळाला की तो वहीत लिहून ठेवा. पुढे प्रत्येक कागदावर तो लागतो.

मग पाहणी करा

चार-पाच जणांनी मिळून एक दिवस मैदानावर जावे. त्यात दोन बाया असाव्यात आणि एक-दोन मुलेही असावीत. कुठे लागते, कुठे भीती वाटते, हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळते. बरोबर वही-पेन्सिल न्यावी. जे दिसेल ते मोजून लिहावे. ‘मैदानाची फार वाईट अवस्था आहे’ असे लिहून उपयोग नाही. ‘चार झोपाळ्यांपैकी तीन मोडले आहेत,’ असे लिहावे. मोबाइल असेल तर फोटो काढावेत आणि तारीख टिपून ठेवावी.

अर्ज लेखी हवा

“साहेबांना सांगितलं होतं हो, ते करतो म्हणाले.” असे आपण नेहमी ऐकतो. पण तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. साहेबांची बदली झाली की संपले. कागद मात्र कचेरीत राहतो. म्हणून अर्ज लेखी करावा. तो असा लिहावा:

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय.

विषय: वस्तीतील मैदानाची दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,
आमच्या वस्तीचे मैदान शाळेच्या मागे आहे. त्याचा सर्व्हे नंबर .... आहे. दिनांक .... रोजी आम्ही मैदानाची पाहणी केली. चार झोपाळ्यांपैकी तीन मोडले आहेत. घसरगुंडीचा पत्रा फाटला आहे. दिवा लागत नाही. पावसाळ्यात फाटकाजवळ पाणी साचते. मुलांना इजा होण्याचा धोका आहे.
आमची विनंती आहे की,
१. मोडके झोपाळे व घसरगुंडी लगेच बंद करून त्यांची दुरुस्ती करावी.
२. दिवा चालू करावा.
३. मुरूम टाकून मैदान सारखे करावे.
आपण काय कारवाई करणार, ते आम्हांस लेखी कळवावे.

आपले नम्र,
(नावे, पत्ते, सह्या)

अर्ज एवढाच पुरे. महानगरपालिका असेल तर ‘मा. आयुक्त’ असे लिहावे. ग्रामपंचायत असेल तर ‘मा. सरपंच’ असे लिहावे.

आता सह्यांविषयी. ज्या हाताने आजवर अंगठा उठवला, त्या हाताने आता सही करायची आहे. नव्याने लिहायला शिकलेल्या बाईने आपले पूर्ण नाव अशा अर्जावर लिहावे. ते वाकडेतिकडे आले तरी चालेल. शिकल्याचा याहून चांगला उपयोग कोणता? एकाच्या नावाचा अर्ज बाजूला पडू शकतो. पन्नास घरांच्या सह्या असल्या की तो वाचावा लागतो. गाव करी ते राव न करी, असे म्हणतात ते खोटे नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक प्रत आवक-जावक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. हीच पोच. कारकून म्हणेल, “बाई, ठेवून जा, बघतो.” आपण नम्रपणे म्हणावे, “ठेवते की साहेब, पण तेवढी पोच द्या.” पोच मिळाल्याशिवाय पायरी उतरू नये.

अर्ज कधी द्यावा, यालाही महत्त्व आहे. कचेरीचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्याचे अंदाजपत्रक आधीच तयार झालेले असते. मोठ्या कामाचा खर्च त्यात धरलेला नसेल तर ‘पैसे नाहीत’ असे उत्तर येते. म्हणून मोठ्या कामाचा अर्ज दिवाळी झाली की द्यावा. तुटलेल्या साखळीसाठी मात्र दिवाळीची वाट पाहू नये. ज्यात अपघाताची भीती आहे, ते त्याच दिवशी कळवावे.

उत्तर आले नाही तर

महिनाभर वाट पाहावी. मग पोच घेऊन प्रभागाच्या नगरसेवकांना भेटावे. निवडून आलेली मंडळी नसतील तर प्रशासकांना भेटावे. गावात असाल तर ग्रामसभेत विषय मांडावा. महाराष्ट्रात वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तिथे उभे राहून बोलण्याचा हक्क गावातल्या प्रत्येक मतदाराला आहे.

तरीही काही हलले नाही, तर माहितीचा अधिकार आहे. हा कायदा २००५ साली झाला. साध्या कागदावर अर्ज लिहायचा आणि त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाने दाखला जोडला तर त्याला फी लागत नाही. अर्ज एकाच विषयाचा आणि थोडक्यात असावा. त्यात इतकेच विचारावे: गेल्या तीन वर्षांत या मैदानावर किती खर्च झाला? काम कोणत्या ठेकेदाराने केले? आमच्या अर्जावर काय निर्णय झाला? उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. न मिळाल्यास त्याच कचेरीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. आपण भांडायला जात नाही. आपल्याच पैशाचा हिशेब विचारायला जातो.

जागाच जायची वेळ आली तर

कधी कधी प्रश्न दुरुस्तीपेक्षा मोठा असतो. जागाच हातची जाऊ पाहते. काही मैदाने नुसती नकाशात राखलेली असतात आणि जमीन मात्र खाजगी मालकाची असते. १९६६ च्या महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याप्रमाणे, योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत अशी जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालकाला नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत सरकारी बाजूने योग्य पाऊल उचलले नाही, तर आरक्षण उठते. म्हणून जमीन ताब्यात घेतली आहे का, हेही वेळीच विचारून घ्यावे.

जागरूक राहिले की काय होते, याचा एक दाखला बंगळूरचा आहे. तिथल्या एका वसाहतीत उद्यानासाठी मोकळी जागा राखलेली होती. ती खाजगी दवाखाना बांधायला एका संस्थेला देण्यात आली. दवाखाना ही चांगलीच गोष्ट. पण रहिवासी म्हणाले, ही जागा सगळ्यांच्या मोकळ्या हवेची आहे. ते कोर्टात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी दवाखान्याला देणे न्यायालयाने बेकायदा ठरवले. अशा जागेसाठी रहिवाशांना दाद मागता येते, हेही मान्य केले.

दुरुस्ती चांगली झाली का?

कामगार आले, रंग लावला आणि गेले, असे होऊ देऊ नये. रंगाखालचा गंज तसाच राहतो. काम चालू असताना कुणीतरी रोज एक फेरी मारावी. साखळीची कडी झिजली आहेत का? बोल्ट घट्ट आहेत का? कुठे पत्र्याची धार वर आली आहे का? हे हाताने चाचपून पाहावे.

झोपाळ्याखाली सिमेंट किंवा फरशी कधीच घालू देऊ नये. पोर डोक्यावर पडले तर जिवावर बेतते. तिथे नऊ-दहा इंच मोकळी वाळू हवी. वाळू दाबून घट्ट झाली की ती अधूनमधून उकरावी लागते. झोपाळा आणि घसरगुंडी यांच्या चारी बाजूंना निदान सहा फूट जागा मोकळी असावी. झोपाळ्याच्या पुढे-मागे त्याहूनही जास्त हवी. लोखंडी घसरगुंडी उन्हात इतकी तापते की कातडी भाजते. ती झाडाच्या सावलीत असावी. सावली नसेल तर पावसाळा लागताच कडुनिंब किंवा करंज लावावा.

खेळायला फार सामान लागते असेही नाही. पुरुषांच्या कबड्डीला १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा पुरते. मुलींना १२ बाय ८ मीटर पुरते. मुरूम पसरून रूळ फिरवला, फक्की मारली की झाले क्रीडांगण.

पुढची काळजी

दुरुस्ती झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. रोज संध्याकाळी पोरे मैदानावर आली पाहिजेत. दोन-चार आया आणि आजोबा तिथे येऊन बसले, तर पत्त्यांचे डाव आपोआप उठतात. मुलींच्या खेळाची वेळ ठरवून द्यावी आणि ती साऱ्यांनी पाळावी. महिन्यातून एकदा पाहणी करून वहीत नोंद करावी. अर्ज, पोच आणि उत्तरे एकाच फाइलीत ठेवावीत. ती फाइल कुणा एकाच्या घरची होऊ नये. दर वर्षी ती दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि नव्याने लिहायला शिकलेल्यांनाही तिची पाळी मिळावी.

मैदान पालिकेचे असो नाही तर पंचायतीचे, त्यावर खेळणारी पोरे आपलीच आहेत. पैसा पालिकेने द्यावा, पण डोळा आपण ठेवावा. आज वाचून झाले की एक काम करा. आपल्या मैदानावर जाऊन किती झोपाळे धड आहेत ते मोजा आणि तो आकडा वहीत लिहा.