वालुकेश्वराच्या टेकडीवर एक दिवस

फर्दापूर हे गाव जन्माचे यजमान आहे. अजिंठ्याची लेणी पाहावयास येणारा प्रवासी, मग तो जपानचा असो की जुन्नरचा, फर्दापूरच्या फाट्यावर गाडी उभी करतो, तेथून बसने वाघूर नदीच्या दरीत लेण्यांपाशी जातो आणि परतल्यावर येथेच चहा घेतो. पाहुण्यांना वाट दाखविण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्यावर स्वतः पाहुणे होण्याची वेळ आली म्हणजे मात्र ते बावरतात. कार्तिकातील कीर्तनांच्या निमित्ताने आमचे पैठणहून त्या बाजूस जाणे होते, तेव्हा हा अनुभव हटकून येतो. कोणाचा मुलगा मुंबईस नोकरीला, कोणाची लेक तिकडे दिलेली. दिवाळीनंतर चार दिवस तिकडे जाणे ठरते आणि मग प्रश्न येतो, "बुवा, ते मलबार हिल म्हणतात, तिथे आपल्यासारख्यांनी जावे तरी कशाला? बंगले नि मोटारी पाहायला?"

आमचे उत्तर असे, की अवश्य जावे आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास जावे. ज्या टेकडीवर आज जागेचा भाव हातांच्या बोटांवर मोजत नाहीत, ती टेकडी मुळात एक तीर्थक्षेत्र होय. बंगले मागाहून आले. तेथे करण्यासारखे जे जे उत्तम आहे, त्यातील बहुतेकांस दमडीही पडत नाही.

प्रथम नावच पाहावे. वालुका म्हणजे वाळू. वाळूचा ईश्वर तो वालुकेश्वर, आणि लोकांच्या जिभेवर घासून झाला तो वाळकेश्वर. सीताशोधार्थ निघालेले प्रभू रामचंद्र या समुद्रतीरी थांबले. नित्य पूजेसाठी लक्ष्मण काशीहून लिंग आणीत असे. एके दिवशी त्यास विलंब झाला, पूजेची वेळ टळू लागली, तेव्हा प्रभूंनी तेथल्याच वाळूचे लिंग केले आणि पूजा सांग केली, अशी कथा आहे. पुढे तृषा लागली तो सभोवार खारा समुद्र. रामांनी भूमीत बाण मारला आणि गोड पाण्याचा झरा उसळला, तीच बाणगंगा. कीर्तनात ही कथा लावताना आम्हांस नेहमी वाटते, की देवाला काशीच्या दगडाचा आग्रह नाही, हाताशी असलेली वाळू पुरते, हे सांगणारे क्षेत्र मुंबईतील सर्वांत महाग जागेत असावे, हा योग मोठा विलक्षण आहे.

कथा बाजूस ठेवली तरी पाणी उरतेच. समुद्र काही पावलांवर असताना या तळ्यातील जिवंत झऱ्यांचे पाणी गोड आहे. चहूबाजूंनी दगडी पायऱ्या, काठावर दीपमाळा, आणि तळ्याला वेढून लहानमोठी देवळे, मठ व धर्मशाळा. वालुकेश्वर, जबरेश्वर, व्यंकटेश बालाजी, परशुराम, शिवाय काशी मठ आणि कवळे मठ. वर मान करावी तर आकाशाला भिडलेल्या इमारती, खाली पाहावे तर पायरीवर कपडे वाळत घातलेले आणि बदके पोहत असलेली. शहरगावी इतका शांत चौक क्वचितच आढळेल. प्रदक्षिणा घालावी, घाई करू नये.

अजिंठ्याच्या शेजाऱ्यांना येथे एक ओळखीची खूण पटेल. सोळाव्या लेण्यातील संस्कृत शिलालेख सांगतो, की ते लेणे वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने करविले. बाणगंगेचे तळे आणि मूळ मंदिर शिलाहारांच्या पदरी असलेल्या लक्ष्मण प्रभू या अमात्याने 1127 मध्ये बांधले, अशी परंपरा आहे. दोन्हीकडे राजाच्या नोकराने मिळविलेले द्रव्य दगडात आणि पाण्यात घातले. मूळ मंदिर पोर्तुगीज अमलात नष्ट झाले. 1715 मध्ये रामा कामत या गौड सारस्वत व्यापाऱ्याने ते पुन्हा उभारले. या सत्पुरुषाची पुढची हकीकत खेदजनक आहे. कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून 1720 मध्ये कंपनी सरकारने त्याच्यावर खटला चालविला, मालमत्ता जप्त केली आणि त्यास तुरुंगात टाकले. ज्या पत्रांवर खटला उभा होता ती बनावट होती, असे मागाहून मानले गेले. मंदिरात हात जोडताना रामा कामताचेही स्मरण करावे.

त्रिपुरारी पौर्णिमेस या काठावर दिवे लागतात आणि महाआरती होते. गर्दी फार होते. म्हाताऱ्या माणसांनी व लेकुरवाळ्यांनी दुपार टळताच जाऊन जागा धरावी, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत जावे.

आता थोडे कडू बोलणे प्राप्त आहे. पितृपक्षात या तळ्यावर श्राद्धकर्मासाठी लोक लोटतात, आणि त्यानंतर मासे मरून पाण्यावर तरंगल्याचे प्रकार अलीकडच्या वर्षांत एकाहून अधिक वेळा घडले आहेत. भात, पीठ, फुले, तूप हे सारे साचलेल्या पाण्यात कुजते, त्यातील प्राणवायू संपतो आणि मुका जीव गुदमरतो. पितरांच्या तृप्तीसाठी केलेल्या कर्मात ही हत्या घडावी, हे कोणत्या शास्त्रात बसते? आम्ही या विषयाचे अध्ययन केले आहे म्हणून स्पष्ट सांगतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात पिंडांचे काय करावे याचे पर्याय दिले आहेत. गाईला द्यावेत, ब्राह्मणाला द्यावेत, बोकडाला घालावेत, अग्नीत अर्पावेत किंवा पाण्यात सोडावेत. पाणी हा त्यांतील एक पर्याय, एकमेव नव्हे. त्याच ग्रंथाचा चौथा अध्याय पाण्यात मलमूत्र व थुंकी टाकण्यास निषेध करतो. तेव्हा बाणगंगेवर ज्यांना तर्पण करावयाचे असेल त्यांनी तीळ आणि उदक एवढ्यावर थांबावे, पिंड गाईस घालावा. भटजींनी आग्रह धरला तर नम्रपणे हा आधार दाखवावा. निर्माल्य पिशवीत घालून परत आणावे. प्लॅस्टिकच्या पिशवीसह गंगेला अर्पण करणारे भाविक आम्ही पैठणच्या घाटावरही पाहतो आणि नाथांच्या गावी हे घडते याची लाज वाटते. ज्यांनी रामेश्वरास न्यावयाचे गंगोदक तहानलेल्या गाढवास पाजले असे आपण भक्तीने सांगतो, त्यांच्या वारसांनी पाण्यातील जिवांची एवढी तरी चाड ठेवावी.

पायऱ्यांचीही कथा सांगितली पाहिजे. 2024 च्या जून महिन्यात गाळ काढण्याच्या कामासाठी तळ्यात अवजड यंत्र उतरविण्यात आले आणि जुन्या पायऱ्यांची मोडतोड झाली. प्रथम दर्जाची वारसावास्तू म्हणून नोंद असलेल्या स्थळाची ही गत! रहिवाशांनी ओरड केली, ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला. शतके टिकलेला दगड एका दिवसात फुटतो. म्हणून दर्शनास जाणाऱ्याने कोणती पायरी हलली, कोठे चिरा निखळला, हे पाहून विश्वस्तांच्या कानी घालावे. तीही सेवाच.

उरलेल्या दिवसाचे सांगतो. टेकडीच्या टोकाला राज्यपालांचे निवासस्थान आहे. त्याच्या आवारात समुद्राकाठी श्रीगुंडीचे स्थान आहे. येथील खडकाच्या चिरेतून पार झाल्यास पापक्षालन होते अशी समजूत होती, आणि शिवछत्रपती व कान्होजी आंग्रे हेही त्यातून गेल्याचे लोक सांगतात. त्या आवारात पूर्वनोंदणी केल्यावाचून प्रवेश नाही, हे ध्यानात ठेवावे. वाळकेश्वरावरचे आदीश्वर भगवंतांचे जैन मंदिरही पाहण्याजोगे आहे, नक्षीकाम मन रमवणारे आहे.

मुलांना घेऊन गेला असाल तर फिरोजशहा मेहता उद्यान आणि समोरचे कमला नेहरू उद्यान चुकवू नये. पहिले उद्यान शहरास पाणी पुरविणाऱ्या जलाशयाच्या माथ्यावर रचले आहे. आपण हिरवळीवर बसतो त्याच्या खाली पाणी साठलेले असते, हे मुलांना सांगावे. दुसऱ्या उद्यानातील म्हातारीचा बूट पाहिल्यावाचून ती घरी यावयाची नाहीत. जवळच झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्ग 2025 च्या गुढीपाडव्यास खुला झाला आहे. त्याचे तिकीट आधी काढावे लागते. लेण्यांच्या डोंगरात वाढलेल्या मुलांना त्या रानाचे नवल वाटणार नाही कदाचित, पण समुद्राचे वाटेल.

उतरताना बाबुलनाथ लागतो. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांसाठी उद्वाहकाची सोय आहे. सोमवारी जाणे टाळल्यास दर्शन सुखाने होते. पलीकडे समुद्रकाठी महालक्ष्मी आहे. वरळीचा बांध वारंवार ढासळू लागला, तेव्हा समुद्रातून देवीच्या मूर्ती वर काढल्या आणि मग काम तडीस गेले, ही त्या स्थळाची कथा प्रसिद्धच आहे. दोन्ही स्थाने एका दिवसात होतात, मात्र सकाळचा वेळ बाणगंगेला द्यावा.

फर्दापुराहून निघणाऱ्यांनी जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर येथून रात्रीची गाडी धरावी. मुंबईत पश्चिम मार्गावरील चर्नी रोड किंवा ग्रँट रोड या स्थानकांवरून टेकडी जवळ पडते. सोबत घरची पणती, तुपाची वात आणि रिकामी पिशवी असू द्यावी. पणती पायरीवर लावावी, पाण्यात सोडू नये. विझली की तीच पणती पिशवीत घालून परत आणावी, पुढल्या कार्तिकात ती घरच्या तुळशीपाशी उपयोगी पडते.