मालगाडीची अक्षरे

दुधनीच्या फलाटावर पॅसेंजरची वाट पाहत असता एखादी मालगाडी धडधडत निघून जाते आणि आपण वाघिणी मोजू लागतो. मोजणे सर्वांसच येते. त्यांच्या अंगावरची अक्षरे वाचणे मात्र थोड्यांस ठाऊक असते. आम्हीही ती शाळेत शिकलो नाही, मालधक्क्यावर हमालांची संघटना बांधताना शिकलो.

'बॉक्सएन' ही उघडी, उंच भिंतींची वाघीण. तिच्यात मुख्यतः दगडी कोळसा. 'बीटीपीएन' म्हणजे पेट्रोल-डिझेलचा आडवा हौद. पाकणीच्या तेलडेपोमुळे सोलापूरकरांस तो परिचित आहे. रूळ व लोखंडी पत्रे सपाट वाघिणीवर. आणि 'बीसीएन' ही छपराची बंद वाघीण: 'बी' बोगीचा, 'सी' छपराचा, 'एन' हवेच्या ब्रेकचा. धान्य, खत, साखर, सिमेंट, पावसाला भिणारे सारे तिच्या पोटात.

परंतु आमच्या मते खरा भेद निराळाच आहे. वाघीण रिकामी कोण करतो? हौदाला नळी जोडली की काम झाले. वीजकेंद्रात कोळशाची वाघीण यंत्र धरते आणि सुपासारखी पालथी करते; 'बीओबीआर' जातीची तर पोटाची दारे उघडून खालीच माल सोडते. बंद वाघिणीला असे काही नाही. तिला बाजूस दार, आणि दारात माणूस.

वाडीकडून आपल्या गावावरून सिमेंटची गाडी जाते. एका वाघिणीत सुमारे 60 टन, म्हणजे 50 किलोची 1,200 पोती. अशा 42 वाघिणी धरल्या तर 50,400 पोती होतात, आणि बहुतेक मालधक्क्यांवर ती पाठीवरूनच उतरतात. ठरलेली मुदत टळली की वाघिणीमागे तासागणिक दंड, ज्यास 'डेमरेज' म्हणतात. दंड व्यापाऱ्याला, घाई हमालाला.

पूर्वी एकेक वाघीणही भरून पाठविता येई. 1980 नंतर रेल्वेचा कल अख्खी गाडी एकाच मालाची, एकाच ठिकाणी धाडण्याकडे झाला. लहान स्थानकांचा माल ट्रककडे गेला आणि हमालही मोठ्या धक्क्यांकडे सरकले. माथाडी कायदा 1969 सालचा आहे. तरी एका धक्क्यावर रात्री दोन वाजता गाडी लागे आणि आमची माणसे बॅटरी तोंडात धरून पोती उचलीत. दिवे तिसऱ्या अर्जानंतर लागले. पिण्याच्या पाण्याचा अर्ज अद्याप फिरतोच आहे.