दूरचित्रवाणीवरील इतिहासचित्रें व त्यांची साधनचिकित्सा

इतिहाससंशोधकाचें लक्ष स्वभावतःच कागदपत्रें, ताम्रपट, शिलालेख, नाणीं व बखरी यांकडे असतें. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सामान्य जनांच्या मनांत भूतकाळाचें जें चित्र उभें राहिलें, तें घडविण्यांत दूरचित्रवाणीचा वांटा मोठा आहे, ही गोष्ट नाकारतां येणार नाहीं. दिल्लीस तिचा प्रायोगिक आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९७६ सालीं दूरदर्शन आकाशवाणीपासून निराळें झालें. व १९८२ सालीं देशव्यापी आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालें. त्यापुढील दशकांत ज्या कृति घरोघर पाहिल्या गेल्या, त्यांस इतिहासाचें साधन मानावें कीं नाहीं, आणि मानावयाचें तर कोणत्या काळाचें, हा प्रश्न आम्हांस विचारणीय वाटतो.

या विषयाचे तीन वर्ग करतां येतात. पहिला, ग्रंथांवरून रचलेलीं नाट्यरूप चित्रें. दुसरा, प्रत्यक्ष दृश्यें टिपणारे अनुबोधपट. व तिसरा, दूरचित्रवाणीविषयीं लिहिलेले ग्रंथ. तिहींची प्रामाण्यकसोटी एक नव्हे, म्हणून त्यांचा विचार क्रमानें करूं.

पहिल्या वर्गांत श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही त्रेपन्न भागांची मालिका अग्रगण्य होय. ती १९८८–८९ मध्यें प्रक्षेपित झाली. तिचा आधार पंडित जवाहरलाल नेहरू यांचा १९४६ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ असून तो त्यांनीं अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत असतां १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या अवधींत लिहिला. सोबतच्या विद्वान सहबंद्यांशीं झालेल्या चर्चांचें ऋण त्यांनीं मान्य केलें आहे व ग्रंथ त्यांसच अर्पण केला आहे. म्हणजे हा ग्रंथ दप्तरखान्यांत बसून केलेलें संशोधन नसून राष्ट्रीय लढ्यांतील एका पुढाऱ्यानें तुरुंगांतून घेतलेला भूतकाळाचा धांडोळा आहे. त्याचें मोल कमी नाहीं. पण तें कोणत्या जातीचें आहे हें ओळखलें पाहिजे.

मालिकेंत या ग्रंथावर आणखी एक थर चढला. रोशन सेठ हे नेहरूंच्या वेषांत प्रेक्षकांशीं बोलतात, ओम पुरी यांचा आवाज निवेदन करतो, आणि मधून मधून प्रसंग नाट्यरूपानें उलगडतात. आरंभगीतासाठीं ऋग्वेदांतील नासदीय सूक्त घेतलें असून त्याचें हिंदी रूपांतर वसंत देव यांचें आहे. शिवछत्रपतींची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनीं व औरंगजेबाची ओम पुरी यांनीं केली. निवेदन करणारा आवाज आणि बादशहाचा आवाज एकाच नटाचा, ही गोष्ट नाट्यदृष्ट्या चालते. परंतु निवेदनांतील विधान व पात्राच्या तोंडचें वाक्य यांत भेद करण्याचें काम त्यामुळें सर्वस्वीं प्रेक्षकावर पडतें. तसेंच पृथ्वीराजाच्या प्रकरणीं ‘रासो’ काव्याचा आश्रय घेतला आहे. या काव्याची उपलब्ध संहिता पृथ्वीराजाच्या काळाहून बरीच अर्वाचीन, हें अभ्यासकांस विदित आहे. सामान्य प्रेक्षकास मात्र काव्यांतील वीररस व इतिहासांतील घटना यांमधील सीमारेषा पडद्यावर दिसत नाहीं.

येथें आपणांस बखरींचें स्मरण व्हावें. सभासदानें आपली बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली; मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची. दोहोंचा विषय शिवचरित्र, पण दोहोंचा काळ भिन्न, म्हणून दोहोंचें प्रामाण्यही भिन्न. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं आपल्या साधनसंग्रहाच्या पहिल्या खंडास जोडलेल्या प्रस्तावनेंत बखरींची जी कठोर छाननी केली, तिचें सार्थक बखरी टाकून देण्यांत नसून त्यांस त्यांच्या योग्य जागीं बसविण्यांत आहे. चिटणिसांची बखर शिवकालाविषयीं साशंकपणें वाचावी. परंतु चिटणिसांच्या काळीं शिवकाल कसा समजला जात होता, यास ती उत्तम पुरावा आहे. दूरचित्रवाणीवरील इतिहासचित्रासही हाच न्याय लावावा, असें आमचें मत आहे.

हा न्याय किती उपयोगी पडतो तें ‘तमस’ या चित्रावरून स्पष्ट होईल. भीष्म साहनी यांच्या, १९७५ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनीं तें केलें व १९८८ च्या आरंभीं तें दूरदर्शनवर दाखविलें गेलें. विषय १९४७ मधील पंजाबच्या दंगलींचा. साहनी मूळचे रावळपिंडीचे, व तेथील हत्याकांड त्यांनीं जवळून पाहिलेलें. परंतु लेखणी उचलली ती १९७० सालच्या भिवंडीच्या दंग्यानंतर. ठाणें जिल्ह्यांतील तें उजाड गांव पाहून आपणांस रावळपिंडी आठवली, असें त्यांनींच सांगितलें आहे. तेव्हां या एका चित्रांत १९४७ ची घटना, १९७० ची जाग, त्यानंतरची कादंबरी आणि १९८८ चें प्रक्षेपण असे चार काळ एकावर एक बसले आहेत. जो अभ्यासक हे थर न सोडवितां ‘तमस’ला १९४७ चा साक्षीदार म्हणून उभें करील, तो फसेल, आणि जो तें कल्पित म्हणून बाजूस सारील, तो एका प्रत्यक्षदर्शी मनाची साक्ष गमावील.

या चित्राचें प्रक्षेपण थांबवावें म्हणून अर्ज झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं संपूर्ण चित्र स्वतः पाहून आक्षेप अमान्य केला, व फेब्रुवारी १९८८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तोच निर्णय कायम ठेविला. चित्राचा परिणाम दुबळ्या व संशयी मनाच्या मापानें न मोजतां समंजस व खंबीर माणसाच्या मापानें मोजावा, हें तत्त्व त्या निकालांत आधारभूत आहे. तें पूर्वीच्या नागपूर उच्च न्यायालयांतील न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांच्या एका निकालांतून घेतलेलें आहे. चित्राइतकाच हा निकालही भावी इतिहासकारास उपयोगी आहे. कारण फाळणीच्या आठवणीस समाज चाळीस वर्षांनंतर कसा सामोरा गेला, याची ती लेखी नोंद होय.

दुसऱ्या वर्गांतील अनुबोधपटांत नट नसतात, म्हणून ते निखळ सत्य मानण्याकडे लोकांची प्रवृत्ति असते. वस्तुतः कोणतें दृश्य टिपलें, कोणतें कापलें व कोणत्यापुढें कोणतें जोडलें, यांत कर्त्याची निवड असतेच. शिवाय अनुबोधपट केव्हां निर्माण झाला व लोकांपुढें केव्हां आला, या दोन तिथि वेगळ्या असतात. आनंद पटवर्धन यांचा ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ हा पट १९९५ चा. दूरदर्शननें तो दाखवावा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००६ सालचा. मधलीं अकरा वर्षें हा त्या पटाच्या इतिहासाचाच भाग आहे.

तिसऱ्या वर्गांतील ग्रंथ प्रेक्षकांची बाजू पुरवितात. पूर्णिमा माणकेकर यांनीं १९९९ च्या आपल्या ग्रंथांत दिल्लींतील स्त्रियांशीं बोलून त्या दूरदर्शनच्या मालिकांचा अर्थ कसा लावीत होत्या तें नोंदविलें. अरविंद राजगोपाल यांच्या २००१ च्या ग्रंथांत १९८७–८८ मधील ‘रामायण’ मालिका व त्यापुढील राजकारण यांच्या संबंधाचा विचार आहे. बखर त्या काळीं कोणी वाचली व ऐकली, वाचून काय मानलें, हें आपणांस क्वचितच कळतें. येथें तें कळण्याची सोय झाली आहे.

एकंदरींत अशा कृतीपुढें संशोधकानें चार प्रश्न ठेवावे: तिचा आधार कोणता व तो किती विश्वसनीय, आधारांतून काय गाळलें व काय नवें घातलें, समोरची प्रत मूळ प्रक्षेपणाची कीं नंतर संक्षिप्त केलेली, आणि ती कोणाच्या द्रव्यानें व कोणत्या हेतूनें झाली.

पण प्रश्न विचारावयास प्रत तरी हवी. ब्रिटनच्या बीबीसीसारख्या संपन्न संस्थेनेंही १९६० व १९७० च्या दशकांत अनेक कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हां वापरल्या, व त्यांतील कित्येक कायमच्या नष्ट झाल्या. चुंबकीय फीत कागदापेक्षां अल्पायुषी असते. दोनशें वर्षांचा मोडी कागद वाचतां येतो. चाळीस वर्षांची फीत यंत्राअभावीं मुकी होते. यासाठीं ज्यांच्या घरीं जुन्या ध्वनिचित्रफिती, कार्यक्रमपत्रिका, परीक्षणांचीं कात्रणें अथवा संहितांच्या प्रति असतील, त्यांनीं त्या रद्दींत न घालतां जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्या. आपल्या पूर्वजांनीं दप्तरें वाण्याकडे घातलीं म्हणून आपण हळहळतों. तीच हळहळ पुढील पिढीच्या वांट्यास येऊं नये, इतकें सुचवून हा लेख पुरा करतों.