फळ्याकडं लक्ष नाही म्हणून पोराला मारू नका. कारण मेंदूत असू शकतं

"मोबाइलवर तासभर हलत नाही, अन् पुस्तक हातात दिलं की पाच मिनिटांत उठतो." ही तक्रार आज घरोघरी आहे. मग पोराला वांड ठरवून चोप दिला जातो. पण काही मुलांमध्ये हा वांडपणा नसून एडीएचडी असतो. म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं. जगभरात 100 पैकी साधारण 5 मुलांना हा त्रास आहे.

नेमकं काय होतं?

फळ्यावरचं गणित, खिडकीबाहेरचा ट्रॅक्टर, शेजाऱ्याची पेन्सिल, डोळ्यांना सगळं एकदम दिसतं. त्यातलं काय धरायचं, हे मेंदू ठरवतो. पाणी देताना एका सरीचं दार उघडून बाकीची बंद करावी लागतात, तसंच हे. या मुलांना बाकीची दारं बंद करणं जमत नाही.

डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजतात, त्याला ईईजी म्हणतात. डोळे मिटून निवांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला 8 ते 13 वेळा उठणाऱ्या अल्फा लहरी दिसतात. नीट बघायला लागलं की त्या कमी होतात. एडीएचडीच्या मुलांत त्या तेवढ्या कमी होत नाहीत, असं अनेक अभ्यासांत दिसलं. डोळे फळ्यावर, पण मेंदू पुरता कामाला लागलेला नसतो.

2007 मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात या मुलांच्या मेंदूच्या वरच्या थराची वाढ सरासरी तीन वर्षं मागं आढळली. वाढीचा क्रम तोच, फक्त उशीर.

मग मोबाइल कसा चालतो? तिथं चित्र सारखं बदलतं, मजा लगेच मिळते. लक्ष टिकवायला जोर लावावा लागत नाही.

कसं ओळखायचं?

प्रत्येक खोडकर पोराला एडीएचडी नसतो. लक्षणं 12 वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान 6 महिने टिकलेली, आणि घरी व शाळेत दोन्हीकडं दिसणारी हवीत. गप्प बसून हरवणाऱ्या मुलीही यात असतात, त्या लवकर ध्यानात येत नाहीत. नुसत्या ईईजीवर किंवा रक्त तपासून निदान होत नाही. डॉक्टर पालक-शिक्षकांकडून माहिती घेऊन ठरवतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या.

कुठं दाखवायचं?

शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा. त्यांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे.

तोवर पोराला पुढच्या बाकावर बसवा. एका वेळी एकच काम सांगा. दहा मिनिटं अभ्यास, मग थोडं हिंडू द्या. जमलं की लगेच शाबासकी द्या.